कॅप्टन गेल्यानंतरचे गुरुवार

प्रिय भिंगरी,

कॅप्टन गेला तरी मालिका चालू आहे, हे तुला माहीत असेलच. अंतराळातलं ते जहाज तसंच पुढे चाललंय, त्याच निळ्या धुक्यातून. तीच माणसं त्याच सरकत्या दारांतून ये-जा करतात. फक्त मधल्या खुर्चीत आता दुसरं कुणीतरी बसतं. तू अजून बघतेस का, हे मात्र मला कळायला मार्ग नाही. आधी कळायचं. दर गुरुवारी संध्याकाळी तुमच्या हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या खोलीत तुम्ही सगळ्याजणी चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसता, आणि पडद्यावरचा तो पिकल्या केसांचा माणूस ज्या आवाजात बोलतो तो तुझ्या बापाचा आहे, हे त्यातल्या एकीलाही ठाऊक नाही, असं तुझ्या आईने मला सांगितलं होतं. तेवढ्यावर माझं भागत होतं. आपण दोघं बोलत नव्हतो खरे, पण आठवड्यातून एकदा तू मला ऐकत होतीस. कॅप्टन गेला आणि ती वाटही बंद झाली. म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस, सवय राहिलेली नाही.

तुझी आई स्वतःला फार हुशार समजते. तुझा फोन आला की ती मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसते आणि तुझं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणते. ‘काय म्हणतेस, वॉर्ड बदलला?’ ‘अगं बाई, घसा बसलाय होय तुझा?’ ‘ते ना? ते काय, पेपर वाचतायत.’ मी पेपर वाचत नसतो. पेपर उलटा धरलाय हेही तिने एकदा तुला सांगून टाकलं, आणि तू हसलीस ते मला खोलीच्या या टोकापर्यंत ऐकू आलं. अजून तुझं हसू आधी नाकातून सुटतं आणि मग तोंडाला सापडतं. बाकी कुणाच्या लक्षात येणार नाही. मी कानाचा माणूस आहे.

हे काम मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, हे तुला इतक्या वेळा ऐकवलंय की तू कंबरेवर हात ठेवून माझी नक्कल करून दाखवायचीस. तरी पुन्हा सांगतो, पत्रात मला कुणी अडवू शकत नाही. मी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होतो तेव्हा आवाज गेलेले संच यायचे. चित्र चालू, आवाज बंद. गिऱ्हाईक नसलं की मी त्या मुक्या माणसांची तोंडं बघत बसायचो आणि त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालायचो. प्रेमात पडलेल्या नायकाला मी भाजीचे भाव विचारायला लावायचो, मालक पोट धरून हसायचा. पण कुठल्या अक्षराला ओठ मिटतात, कुठल्या अक्षराला हनुवटी खाली जाते, हे मला तिथेच समजलं. पुढे डबिंगच्या स्टुडिओत लोक माइकसमोर आले की लगेच बोलायला लागायचे. मी आधी बघायचो. हा श्वास कुठे घेतो, आवंढा कुठे गिळतो. आपला कॅप्टन खोटं बोलायचा असला की नाकाने श्वास घ्यायचा, खरं बोलायचा असला की तोंडाने. त्या नटाला स्वतःला हे माहीत असेल असं वाटत नाही. त्याला तर मी आहे हेच माहीत नाही. कुठल्यातरी लांबच्या शहरात तो आपला सकाळी दात घासत असेल, आणि त्याच तोंडातून इतकी वर्षं मी इथे बोलत आलो. कधी कधी आरशासमोर चूळ भरताना मला त्याची गंमत वाटते, आणि थोडी भीतीही.

तो जाणार हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. शेवटच्या वर्षभरात त्याचे श्वास आखूड झाले होते. वाक्य संपायच्या आधीच डोळे दुसरीकडे जायचे. मी आमच्या रेकॉर्डिस्टला म्हटलं, हा माणूस कंटाळलाय, हा राहत नाही. रेकॉर्डिस्ट म्हणाला, ‘मास्तर, कंटाळले तुम्ही असाल.’ मग ते भाग आले. जहाज वाचवायला कॅप्टन त्या छोट्या यानात बसून धुक्यात शिरतो आणि रेडिओवर बोलत बोलत लांब जातो, तो प्रसंग तू पाहिलास. रेकॉर्डिस्ट म्हणाला, तुम्ही जागेवरून बोला, आवाज मी इथून बटणाने हळूहळू कमी करतो. मी म्हटलं, बटणाने आवाज बारीक होतो, माणूस लांब जात नाही. मी माइकसमोर उभा राहिलो आणि बोलत बोलत मागे चालायला लागलो. खोलीत पूर्ण अंधार, समोर पडद्यावर तारे, आणि मी उलटा चालतोय, वायर पायाखाली येऊ नये म्हणून पाय घासत. माझा आवाज मला कानातल्या हेडफोनमध्ये लांब जाताना ऐकू येत होता. शेवटी पाठीला भिंत लागली तेव्हा वाक्यही संपलं होतं. मला वाटलं टेक फुकट गेला. काचेपलीकडे बघतो तर रेकॉर्डिस्ट शर्टाच्या बाहीला नाक पुसत होता. त्या गुरुवारी तुझा फोन येईल असं आई म्हणत होती. आला नाही.

त्यानंतरचं काम म्हणशील तर चाललंय. नवी कॅप्टन तरुण बाई आहे, तिला आवाज देणारी पोरगी मेहनती आहे, सगळे तिला टिटवी म्हणतात कारण ती ओळ पाठ करताना येरझाऱ्या घालते. पहिल्या दिवशी ती माझ्या पाया पडायला वाकली आणि मी म्हटलं, अगं, मी मेलो नाहीये, कॅप्टन मेलाय. मला आता सटरफटर आवाज मिळतात. दारावरचा यंत्रमानव. बाजारातल्या गर्दीतला ओरडणारा माणूस. परवा मी एक आजारी ग्रहवासी होतो, फक्त कण्हायचं होतं. कण्हलो, नीट कण्हलो, तिथेही मी कसूर करत नाही. पण गंमत सांगतो. जहाजावरचे बाकीचे लोक बोलता बोलता अजून मधल्या खुर्चीकडे बघतात आणि क्षणभर थांबतात. मूळ चित्रीकरणातच तसं आहे, त्या नटांची सवय गेलेली नाही. आणि ते थांबले की इकडे आमच्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात बसलेला मी छातीत श्वास भरून घेतो. बोलायची पाळी माझी असायची ना. श्वास भरतो, आणि वाक्य नसतं. मग तो तसाच सोडून देतो, आवाज न करता, नाहीतर माइक पकडतो.

हल्ली दुपारी डोळा लागला की मी जहाजावर असतो. आपलं जहाज नव्हे, म्हणजे तेच, पण भिंतींना आपल्या जुन्या घराचा फिकट हिरवा रंग. खिडकीबाहेर धुकं, आणि धुक्यात लांबवर दिवे लागलेल्या खिडक्या, एखाद्या गावासारख्या. कॅप्टन खुर्चीत बसलेला असतो आणि माझ्याकडे वळून काहीतरी सांगतो. ओठ हलतात, आवाज नाही. जगातल्या कुठल्याही माणसाचे ओठ मला वाचता येतात, पण स्वप्नात त्या ओठांवर मला शब्द बसवता येत नाहीत. मी एकेक वाक्य लावून बघतो, एकही बसत नाही. तो थांबतो, परत सांगतो, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मग तुझ्या आईच्या कपबशीचा आवाज येतो आणि मी उठतो.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. त्या छोट्या यानाच्या वैमानिक मुलीला कॅप्टन प्रत्येक वेळी निघताना काहीतरी म्हणायचा. मूळ भाषेत ते अगदी लष्करी खाक्याचं होतं आणि आमच्या भाषांतरकार बाईंनी लिहिलं होतं, ‘कर्तव्यात कसूर नको.’ मी म्हटलं, बाई, तो दोनदा ओठ मिटतोय आणि तुमच्या वाक्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. बसतं ते हे: ‘सांभाळून जा, आणि पोचलीस की कळव.’ बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, ‘अहो, कॅप्टन आहे तो तिचा, बाप नाही.’ मी म्हटलं, ओठ बघा. त्यांनी बघितले आणि आपलं वाक्य खोडलं. तेव्हा तू नुकतीच घर सोडून गेली होतीस. पुढे बाईंना सगळं कळलं असावं, कारण नंतर नंतर त्या स्वतःच तशी वाक्यं लिहून आणायला लागल्या. कॅप्टन त्या पोरीला जेवलीस का विचारायला लागला. प्रेक्षकांना वाटलं, कॅप्टन वयानुसार मऊ झाला.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण आता इथवर आलोच आहे. तुझा आवाज चांगला होता, आहे. स्टुडिओत मी तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आणि जेवताना तू म्हणालीस, मला नर्सिंगला जायचंय, फॉर्म भरलाय. मी उत्तर दिलं, आणि ते कॅप्टनच्या आवाजात दिलं. खोल, संथ, खुर्चीच्या हाताला धरून, साऱ्या जहाजाला हुकूम सोडावा तसं. तू ताट सरकवलंस. म्हणालीस, ‘बाबा, निदान मला रागावताना तरी स्वतःच्या आवाजात रागवा.’ मी चूक होतो असं मी लिहिणार नाही, त्याची वाट बघू नकोस. पण त्या क्षणी मी माझा आवाज शोधायला गेलो आणि तो जागेवर नव्हता, एवढं खरं. म्हणून गप्प बसलो. तुला तो हट्ट वाटला. मग मीही तो हट्टच आहे असं धरून चाललो, आणि तूही माझीच मुलगी, तू तरी कशी मागे राहशील.

आता जे घडलं ते सांगतो. कॅप्टन परत येतोय. जिवंत होऊन नव्हे, तशी फसवाफसवी त्या लोकांनी केली नाही. जाण्याआधी त्याने आपल्या मुलीसाठी एक निरोप नोंदवून ठेवलेला असतो, तो नव्या कॅप्टनला सापडतो. मुलगी लांब कुठल्यातरी ग्रहावर, बापाशी न बोलणारी. एवढ्या वर्षांत तिचा फक्त एक फोटो दिसला होता, त्याच्या टेबलावर. निरोप छोटा आहे आणि शेवटी एक वाक्य. या खेपेला बाईंनी जे लिहिलं त्यात मला काहीच बदलायचं नव्हतं. ओठ बसत होते, श्वास बसत होता, तो तोंडाने श्वास घेतो, म्हणजे खरं बोलतोय. तुला माहीत आहे, मला दुसरा टेक लागत नाही, माझा तो मान आहे. त्या दिवशी टेकवर टेक झाले. पडद्यावर तो अगदी शांत, हलकं हसू, आणि माझा आवाज त्या वाक्यावर आला की फुटायचा. चेहरा एका माणसाचा, आवाज दुसऱ्याचा, असं दिसायला लागलं. टिटवी उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. शेवटी रेकॉर्डिस्टने दिवे लावले आणि काचेपलीकडून म्हणाला, ‘मास्तर, फार सुंदर आलं. पण कॅप्टनसारखं नाही आलं. तुमच्यासारखं आलं.’ इतक्या वर्षांत मला माझ्या कामाबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला आणि घरी आलो.

सोमवारी ते पुन्हा घ्यायचं आहे. मी खूप विचार केला, आणि हे अगदी कामाच्या दृष्टीने सांगतो, उगाच भलता अर्थ काढू नकोस: एखादं वाक्य खऱ्याखुऱ्या माणसाला म्हणायचं राहून गेलं असेल, तर ते पडद्यावरच्याला उसनं देता येत नाही. आधी ते ज्याचं त्याला पोचायला हवं. शिवाय तुझ्या त्या नर्सेसच्या खोलीत, चहा पिता पिता, दुसऱ्याच्या तोंडून ते तुझ्या कानावर पडावं हे मला मान्य नाही. म्हणून रविवारी सकाळी मी फोन करणार आहे, मी स्वतः. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, नाहीतर ती शेजारी बसून तुझी वाक्यं मलाच परत ऐकवेल. मी बोलेनच असं नाही. घंटा वाजली आणि पलीकडून कुणी बोललं नाही, तर ठेवून देऊ नकोस, तो मी असेन. तू बोल. काहीही बोल, भांडलीस तरी चालेल. ते वाक्य हे आहे, आणि पहिल्यांदा ते इथे तुला लिहितोय, माझं म्हणून: मला तुझा आवाज ऐकायचा आहे.

तुझाच, रविवारी फोनपाशी बसलेला,
बाबा