दिवाळीपर्यंत गाणं बंद

११ जुलै, शुक्रवार

नाही येणार म्हणाली! प्राची! उद्याच्या कार्यक्रमाला!

चातुर्मास लागला म्हणून नियम घेतलाय. गाणं ऐकायचं नाही. मोबाइलवर नाही, कार्यक्रमाला नाही, रिक्षात लागलं तर म्हणे रिक्षा बदलणार. जैनांच्या घरात चातुर्मासात कोण वांगं सोडतं, कोण पालेभाजी, कोण गोड. तिची वहिनी दर वर्षी चहा सोडते आणि दिवाळीपर्यंत घरादाराचं डोकं खाते. हे सगळं मला लहानपणापासून माहीत आहे. पण गाणं?

"अगं, गाण्यात कुठला जीव मरतो?" मी विचारलं.

"मरत न्हाई. म्हणून तर सोडायला अवघड," एवढं बोलून गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत बसली. तिचं दुकान, तिचं राज्य. तिथं माझं कोण ऐकतंय!

कॉलेजपासून दोघी एकत्र ऐकतोय. मला नवरा नाही, तिला नवरा नाही. आई होती तेव्हा म्हणायची, ह्या दोघींचं लग्न गाण्याशी लागलंय. आणि आता सेहेचाळिसाव्या वर्षी ही बया मला एकटी टाकून पुण्य कमावणार. कमाव बाई. दिवाळी काय, येईलच.

१२ जुलै, शनिवार

एकटीच गेले. राजवर्धन आणि मंडळींचं फ्यूजन. आधी तासभर सत्कार! ज्याला त्याला फेटा. तबलजीला बांधलेला फेटा पहिल्याच तिहाईला डोळ्यांवर आला, तो सावरताना त्याची सम चुकली. प्राची असती तर माझा दंड चिमटून लाल केला असता.

मग शरणांचं एक कन्नड वचन गायला घेतलं. मागं ड्रम, कीबोर्ड, आणि कुणीतरी पत्र्यावर खिळे ओतत असल्यासारखा एक आवाज. आमच्या लिंगायतांच्या घरात वचनं ऐकतच मी वाढले. आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची. साथीला तव्याशिवाय काही नसायचं, तरी शब्द काळजात जायचा. ह्यांनी शब्द पार बुडवला. राजवर्धनचा गळा चांगला आहे, पण त्याला गप्प बसणं येत नाही. दोन ओळींच्या मध्ये जरा थांब की रे बाबा!

मध्यंतरात हे सगळं सांगायला मान वळवली. शेजारी एक गृहस्थ मोबाइलवर फुटबॉलची मॅच बघत होते.

२० जुलै, रविवार

काही ऐकलं नाही. कुणाशी बोलले नाही. दुपारी झोपले, डोकं चढलं.

२ ऑगस्ट, शनिवार

शांभवीताईंचा नवा अल्बम आला! आठ गाणी!

ह्या गारगोटीच्या बाईला आम्ही ती कुणीच नव्हती तेव्हापासून ऐकतोय. पहिल्या कार्यक्रमाला सतरंजीवर बसून ऐकणाऱ्यांत निम्मे तिचे पाहुणेच होते. तेव्हाच प्राची म्हणाली होती, "ही बाई म्होरं जाणार बग. घाई करत न्हाई."

आमची रीत ठरलेली आहे. नवीन अल्बम आला की रंकाळ्यावर जायचं, एक इयरफोन तिच्या कानात, एक माझ्या. पहिल्या ऐकण्यात कुणी बोलायचं नाही. भुवईसुद्धा उडवायची नाही. सगळं संपलं की मग भांडायचं. किती वेळा तळ्याला फेऱ्या मारत भांडलोय! तिला आवडलं की मला खोट दिसते, मला आवडलं की तिला. दोघींना एकदम आवडलं असं क्वचित, आणि तेव्हा आम्ही गप्पच घरी यायचो.

डाउनलोड करून ठेवलाय. ऐकणार नाही. दिवाळीपर्यंत थांबते. तिचा नियम तसा माझाही.

१० ऑगस्ट, रविवार

जमेना मला.

दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला नुसती तंबोऱ्याची जोड आहे, तेवढीच वाजवली. एक ओळ ऐकली तर काय आभाळ कोसळणार होतं? वाटलं, हसेल, शिव्या घालेल, आणि "बरं, अजून जरा लाव" म्हणेल.

तिनं हातातली बांगड्यांची पेटी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

तिचा भाऊ वृषभ गल्ल्यावर होता. "निर्मलाअक्का, असं करू नगासा. तिला लई तरास होतोय," म्हणाला. मी मोबाइल बंद केला. लाज वाटली. पण घरी येईतोवर लाजेचा राग झाला होता. त्रास तिला होतोय? आणि मला?

२४ ऑगस्ट, रविवार

वृषभ येऊन पिशवी देऊन गेला. तिचा छोटा स्पीकर, इयरफोन, चार्जर. "तुमच्याकडंच असू द्या म्हणाली."

मोडलेल्या लग्नातलं सामान परत यावं तसं! एवढा राग? एक ओळ वाजवली मी, दुकान जाळलं नाही. पिशवी माळ्यावर टाकली. शिवाय दुकानात हल्ली वहिनीच बसते म्हणे, प्राची सकाळ-संध्याकाळ मंदिरात, चातुर्मासाला मुक्कामी आलेल्या साध्वी माताजींच्या प्रवचनाला. माझ्यासाठी तेवढा वेळ नाही. देवाशी बरोबरी कोण करणार.

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. दुपारपासून पेठ हादरतेय. खिडक्यांच्या काचा, फडताळातली भांडी, माझ्या छातीचा पिंजरा — सगळं एका ठेक्यात. हे संगीत नव्हे, हा दणका. तरुणांना आवडतं, आवडू दे. मी म्हातारी झाले असेन.

पण मधेच एक हलगीवाल्यांचं पथक गेलं. पाच-सहा माणसं, सगळी पिकल्या मिशांची. काय वाजवत होते! एक जण पुढं जायचा, बाकीचे त्याला धरायला धावायचे, आणि तो हसत हसत समेवर हजर. दोन भिंतींएवढ्या स्पीकरांच्या मधल्या अंतरात तेवढी चार मिनिटं खरं संगीत झालं. मी एकटीच "वाह!" म्हणून ओरडले. कुणाला ऐकू जातंय!

दर वर्षी ह्या कोपऱ्यावर दोघी उभ्या असायचो, कानात कापूस घालून. मेसेज केला — हलगी ऐकलीस का? आज तरी सगळ्या कोल्हापूरचाच नियम मोडला असणार!

उत्तर आलं, "उपास हाय. झोपतो."

त्या दणक्यात कोण झोपतं?

१४ सप्टेंबर, रविवार

ऐकला. एकटीनं. रंकाळ्यावर, दोन्ही इयरफोन माझ्याच कानात.

पहिली दोन गाणी बरी आहेत, नुसती बरी. चौथ्यात सारंगी जास्त झालीय, उगाच रडवायला बघते. सातवं गाणं नसतं तरी चाललं असतं. पण तिसरं! तिसरं गाणं म्हणजे जात्यावरची ओवी. सुरुवातीला ताईंचा आवाज थकलेला वाटतो. मला वाटलं, संपलं, वय झालं. मग कळतं, तो थकवा दळणाऱ्या बाईचा आहे. शेवटच्या कडव्यात त्या वरचा षड्ज लावत नाहीत. तिथपर्यंत जातात, उंबऱ्यावर थांबतात आणि परत फिरतात. लावता येत नाही म्हणून नव्हे. त्या बाईला घराबाहेर जाता येत नाही म्हणून.

हे मला कळलं आणि मी उजवीकडं वळले. बाकावर कोणी नव्हतं.

रडले. भेळवाला बघत होता, बघू दे. मला ते गाणं आवडलं की प्राचीला सांगायचं राहिलं म्हणून रडू आलं, ह्याचा निवाडा घरी येईपर्यंत झाला नाही. एवढं खरं, की चांगलं काही ऐकलं आणि ते सांगायला कुणी नसलं की ते चांगलं अंगावर येतं. वाईट कार्यक्रम एकटीनं सोसता येतो. चांगला सोसत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्रातला शांभवीताईंचा कार्यक्रम. संध्याकाळी लवकर होता, तरी हॉल भरला. निवेदिकेनं शेरोशायरीचा भडिमार केला, पण ताईंनी गायला घेतल्यावर मी तिला माफ केलं. पूरिया धनाश्री अप्रतिम. द्रुत जरा आवरतं घेतलं, मागं आयोजक घड्याळ दाखवत होते. ओवी समोर बसून ऐकली. षड्ज आजही लावला नाही! मला वाटतं हॉलमध्ये ते मी एकटीनंच हेरलं.

संपल्यावर भेटायला गेले. ताईंनी लांबूनच ओळखलं. आणि पहिला प्रश्न —

"तुमची जोडीदारीण कुठं हाय? दोघींची तोंडं बघून मला कळतंय, आज गाणं जमलं का न्हाई ते."

"दिवाळीनंतर येईल," म्हणाले. "नियम आहे तिचा."

"मग दिवाळीनंतर दोघी घरी या. तिच्यासाठी परत गातो मी."

परत गातो म्हणाल्या! खुद्द ताई! प्राचीच्या घरी पळतच गेले. वहिनीनं दारातूनच सांगितलं, ती मौनात आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

राग गेलाय माझा. खरंच. दिवाळी आली दारात.

चिवडा केला, तिला आवडतो तसा कांदा-लसणाशिवाय. माळ्यावरची पिशवी काढली, स्पीकर पुसला, चार्ज केला. एक तारखेच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली, गाणारी नवी आहे, तेवढंच नावं ठेवायला. पण आधी गारगोटीला ताईंकडं. काय काय सांगायचंय! हलगी, फेटा, चौथ्यातली सारंगी. तिसऱ्याबद्दल मात्र मी अवाक्षर काढणार नाही. तिचं तिला कळू दे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मंदिरात दिवाळीचा निर्वाण लाडू चढवून झाला, पाडवाही झाला. नियम संपला असणार. फोन नाही.

मी पण करणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज आली. आपणहून.

पांढरी साडी. हात मोकळे. बांगडीवालीचे हात असे मी कधी बघितले नव्हते. मी ताईंचा निरोप सांगायला तोंड उघडलं, तिनं माझा हात धरला. म्हणाली, माघात दीक्षा घेतेय. माताजींच्या संघात जाणार — पायी, गावोगाव. घर नाही, दुकान नाही, नाव पण हे राहणार नाही. आषाढातच ठरलं होतं. घरच्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नाही.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू अडवलं असतंस. आणि मी थांबलो असतो."

मी विचारलं, गाणं इतकं आड येत होतं का गं?

"गाणं श्रावणातच सुटलं, निमे. तू सुटंनास."

अशा वेळी अनुमोदना करायची असते म्हणे, म्हणजे मनापासून "बरं केलंस" म्हणायचं. ती त्याचसाठी आली होती. मला म्हणता आलं नाही.