उंबऱ्यावर ठेवलेली गोळी

आदरणीय भाऊजी,

आज कापूस गाडीत भरताना तुमच्या उशाजवळच्या कापसाच्या ढिगातून टीबीच्या गोळ्या निघाल्या.

मी गावची आशा सेविका. पेशंटनं गोळी गिळलेली डोळ्यानं पाहूनच कार्डावर सही करायची, असं मले शिकवलं होतं. पण तुम्ही माह्या मालकाचे थोरले भाऊ. तुमच्यासमोर मी कधी तोंड वर केलं नाही. उंबऱ्यावर गोळी अन् पाणी ठेवून, पदर ओढून पाठ फिरवत होती. सह्या मात्र केल्या.

माही लेक दीपा तुमच्याजवळच निजते. पंधरा दिवसांपासून खोकलून राह्यली.

हे पत्र देणार नाही. सकाळी तिले तपासायले नेईन. त्याआधी गोळी घेऊन तुमच्यासमोर उभी राहीन, डोक्यावर पदर न घेता. गोळी गिळा, अन् तोंड उघडून दाखवा.

तुमच्या घरची धाकटी सून होती ती,
आता फक्त आशा,
कौसल्या