गोळी कोणासमोर घ्यायची

५ जानेवारी १९८७, घाटकोपर
काल व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलो. पस्तीस दिवस दारू नाही आणि पस्तीस दिवस तिथल्या बाईंचं गोड हसू. दोन्ही सोसलं. निघताना बाईंनी फॉर्म दिला. रोज सकाळी समोर बसून मला गोळी गिळायला लावेल असा एक माणूस मीच निवडायचा. ही गोळी पोटात असताना प्यायलं तर ओकून ओकून जीव नकोसा होतो. गिळल्यावर त्या माणसाशी पाच मिनिटं बोलायचं, म्हणजे गालात लपवता येत नाही. नाव, नातं, सही. मुदत अठरा तारीख. वय एकेचाळीस, आणि गोळी भरवायला माणूस शोधतोय.
नंदा चेंबूरला आईकडेच. वाण्याच्या फोनवरून बोललो. "मी नाही देणार गोळी. बायको आहे तुझी, वॉर्डन नाही. माणूस शोध, सही दाखव, मग येते." फोन ठेवला.

७ जाने.
मुलुंडला दादाकडे. सख्खा भाऊ. म्हणाला, "गोळ्याबिळ्या कशाला रे? देवासमोर नारळ ठेव, शपथ घे, संपलं." असल्या चार शपथा त्याच्याच देव्हाऱ्यासमोर घेतल्यात. दर शनिवारी स्वतः दोन पेग लावतो, "लिमिटमध्ये". त्याच्या लिमिटची बाटली कपाटावर दिसत होती. मी बघतोय हे त्यालाही दिसलं. चहा न पिता निघालो.

८ जाने.
दारू सोडलेल्यांची सभा, शाळेच्या वर्गात. लहान मुलांच्या बाकांवर थोराड माणसं. पेंडसे नावाचे गृहस्थ, अकरा वर्षं कोरडे. कहाणी सांगताना ठरल्या जागी रडतात, ठरल्या जागी रुमाल काढतात. नंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी आहे ना!" मागच्याच गल्लीत राहतात. काय नशीब.

१२ जाने.
पें. रोज सातला मफलर गुंडाळून हजर. गोळी देतात आणि बोलत सुटतात. गुडघे, जावई, मनःशांती. पाच मिनिटांत मला एक शब्द बोलावा लागत नाही. मी फक्त मान हलवतो.
आजची धरून चार गोळ्या मोरीत थुंकल्या. म्हातारा खूष, फॉर्मवर सही करून गेला. गाढव.
प्यायलेलो नाही, हे इथे लिहून ठेवतो. प्यायचंही नाही. फक्त वाट अगदीच बंद नको, एवढंच.

१३ जाने.
फॉर्म घेऊन चेंबूरला. नंदाने वाचला, चेहरा जरा सैल झाला. सासूबाई खिडकीशी सोडे निवडत होत्या. गिरणी कामगाराची बायको, आता विधवा, मालवणहून आल्याला तीस वर्षं झाली, बोली तसूभर बदललेली नाही. मान वर न करता म्हणाल्या, "पाच मिन्टा कोण बोलता?"
"पेंडसे."
"आणि तुमी?"
"मी ऐकतो."
"मगे गोळी खय असता?"
नंदाने फॉर्मची घडी घालून माझ्या खिशात ठेवली.
मी ओरडलो. जावयाशी बोलायची ही रीत का, वगैरे. चप्पल घालून चालता झालो. स्टेशनजवळच्या बारसमोर बराच वेळ उभा होतो. पोटात एकही गोळी नाही, म्हणजे अडवायला काहीच नव्हतं. घाम फुटला. आत गेलो नाही. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

१४ जाने.
पहाटेच पेंडशांच्या घरी जाऊन नको म्हणून सांगितलं. त्यांनी रुमाल काढला. गोळ्यांची बाटली घेऊन सकाळी सातला चेंबूर. आज संक्रांत. दरवर्षी ही बाई जावयाला पाटावर बसवून तिळाचे लाडू देते. आज गोळी दिली.
"आ करा, जावयबापू." चष्मा लावून उजेडाकडे वळवलं. "जीभ वर." गुरं विकत घेताना बघतात तसं बघितलं. कानशिलं तापली.
मग पाच मिनिटं. त्यांची नजर घड्याळावर. शेवटी त्याच म्हणाल्या, "तुमी माका पयल्यापासून पसंत नाय."
"तुम्हीही मला."
"बरा झाला. चार मिन्टा झाली."
आत नंदा फिस्सकन हसली. बाहेर आली नाही.

१७ जाने.
सलग चौथी गोळी. खरोखर गिळलेली. फॉर्म खोडून नवा केला. नात्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं. "सासू. आणि काय लिवतलात?" सही ठसठशीत, पेंडशांच्या सहीपेक्षा चांगली. ही बाई मला अजूनही आवडत नाही. पण तिला फसवता येत नाही, आणि माझी माणूस निवडायची अक्कल तेवढ्यापुरती तरी शाबूत निघाली.
नंदा म्हणाली, "आठवडाभर बघते."

१८ जाने.
फॉर्म दिला. बाई हसल्या. दुपारी सासूबाईंचा निरोप, चेंबूरला बोलावणं. गावच्या जत्रेला निघाल्यात, पाच दिवस. मी म्हटलं, मग नंदा बघेल का? "तिका ह्यात घालू नकात." कागदात पाच गोळ्या बांधून हातात दिल्या. "मी इल्यावर इचारूचंय नाय."
परत आल्यावर गिळली का म्हणून विचारणारही नाहीत! ही कसली पद्धत! मनात आलं, फॉर्मच रद्द करावा.

१९ जाने., सकाळी सात
मोरीच्या काठावर बसून लिहितोय. पुडी सोडली. गोळी डाव्या हातात, तांब्या भरलेला. आ करायला सांगणारं कोणी नाही. मोठ्याने बोलायला सुरुवात केली, दारू, दादा, पेंडसे, नंदाला काय काय बोललो ते. घड्याळ बघितलं तर नऊ मिनिटं झाली होती. गोळी अजून हातातच आहे.