दारामागचं शेल्फ

४ जून, सकाळ
लेकीला याच गावात नोकरी लागली. रविवारी येते आहे. फोनवर म्हणाली, आठवडाभर राहून बघते, जमलं नाही तर मैत्रिणीबरोबर भाड्याची खोली घेईन. फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता.
मी जाहीर केलं की स्वयंपाकघराशेजारची अडगळीची खोली लेकीला करून देतो. स्वतः. बायको म्हणाली, सुताराला बोलावू या. ऐकलं नाही असं दाखवलं.

५ जून
खोली रिकामी झाली. म्हणजे सगळं सामान हॉलमध्ये आलं. पलंग बसतो. पलंगाशेजारी माणूस उभा राहत नाही, पण तो तपशील.
आता शेल्फ. जागा शोधली: दारामागची भिंत. तिथे लाकडी पट्ट्या आधीच ठोकलेल्या आहेत, नुसते स्क्रू पिळायचे. अडचण एकच. बाजूला जागचं न हललेलं कपाट, मधल्या फटीत ड्रिल मशीन मावत नाही.

६ जून
अडचण संपली. दुकानातून दोन अटॅचमेंट आणल्या. एक काटकोनात वाकलेली: मशीनच्या तोंडाला लावली की कोपऱ्यातला स्क्रू आडवा पिळता येतो. दुसरी सापासारखी, हवी तिकडे वळते. दोन्ही इतक्या स्वस्त की सुतार लोकांचं पुढे कसं होणार, याची काळजी वाटली.
दुकानदार म्हणाला, हळू चालवा. नवशिक्यांना सांगत असावा.

७ जून, दुपार
सापाने माझा शर्ट धरला आणि तिसऱ्या बटणापर्यंत गुंडाळला. शर्ट जुनाच होता. बायकोच्या मते नवा होता. उद्यापासून बनियनवर काम.

८ जून
काटकोनी अटॅचमेंट लावली. स्क्रू आत जाईना. अंगातला सगळा जोर लावला. हल्ली स्क्रूंचा दर्जा पार घसरला आहे.
बायको चहा घेऊन आली. जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, मशीन उलटं फिरतंय. बटण फिरवलं. स्क्रू गेला. मी तेच तपासत होतो.

९ जून, रविवार
दार उघडं असलं की ती भिंत झाकली जाते, म्हणून आतून दार लावून कामाला बसलो. शेल्फ बसलं. धरून लोंबकळलो तरी ढिम्म हललं नाही. इतकं समाधान बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.
तेवढ्यात बेल. लेक आली. लगबगीने दार ओढलं. दार आत उघडतं. वीतभर उघडलं आणि शेल्फला अडकलं.
लेकीने फटीतून आत बघितलं.
"बाबा, खोली माझ्यासाठी केलीत की तुमच्यासाठी?"
मी म्हणालो, मजबुती तपासतो आहे. स्क्रू काढायला मशीन सुरू केलं तर बॅटरी संपलेली. मग लेकीने फटीतून साधा पेचकस दिला. हाताने स्क्रू काढत बसलो. बाहेर दोघी हसत होत्या. बायकोचं हसू इतक्या मोठ्याने मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. जरा सावकाशच काढले स्क्रू.
संध्याकाळी लेकीने बॅटरी चार्ज केली, काटकोनी अटॅचमेंट लावली आणि पलंगाच्या उशाशी, कपाटाच्या कडेला, तेच शेल्फ बसवलं. एकदाही न थांबता. मी टॉर्च धरली. टॉर्च स्थिर धरणं वाटतं तितकं सोपं नाही.

१० जून
लेक फोनवर मैत्रिणीला सांगत होती: "माझ्यासाठी खोली बघू नकोस. इथे आहे मला खोली. बाबांनी केली."
मी काही दुरुस्ती सुचवली नाही.
उत्साहाच्या भरात ठरवलं, आता बाथरूममधला आरसा. पण मशीन सापडेना, अटॅचमेंटही सापडेनात. बायकोला विचारलं. म्हणाली, लेकीच्या खोलीत आहेत, आणि तिथेच राहणार आहेत.
गेलो. दाराला आतून कडी होती.