लुपिताचा लाल फुगा

१४ फेब्रुवारी, मुक्काम नजमा वस्ती, आखात

आज ऑफिसातल्या मेक्सिकन लुपिताने प्रत्येकाला बदामाच्या आकाराचा लाल फुगा दिला. त्यांच्याकडे म्हणे हा दिवस प्रेमाचा आणि मैत्रीचाही. बसमध्ये सगळे माझ्या फुग्याकडेच बघत होते.

घरात शिरलो तर मेरी चक्क लाजली. "अहो, माझ्यासाठी?"

नुसतं 'हो' म्हणायला काय जात होतं माझं? पण मी गाढव! खरं सांगितलं, वर मेक्सिकोची प्रथाही समजावली.

"असं होय! मग बायकोसाठी काय आणलंत?"

काय आणणार? रोजची खुबूस रोटी.

आत्ता जेवायला बसलो, तर पानात तीच कोरडी रोटी आणि समोरच्या खुर्चीला तो फुगा बांधलेला.

"जेवा मैत्रिणीबरोबर," म्हणाली आणि आत गेली.