दुमडलेलं बोट

अण्णा,

ही हाक कागदावर लिहिताना हात जरा अडखळला. जन्मात मी तुम्हाला कधी हाक मारली नाही. मारून उपयोग काय होता? तुम्ही पाठमोरे असलात तर खांद्यावर दोनदा बोटं टेकवायची, लांब असलात तर पाय आपटून फरशी हलवायची. मग तुम्ही वळायचात आणि माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचात. ‘अण्णा’ हा शब्द मी आईशी बोलताना वापरला, शाळेत वापरला, शेजारपाजारी वापरला. ज्यांचा होता त्यांना मात्र तो ऐकूच गेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा दुपट्यात होता. आता त्याच्या डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेत आणि त्याला मुलगा झालाय. तुमचा पणतू. बाकीचं जग जसं चाललंय तसं चाललंय, त्यात तुम्हाला मुद्दाम कळवण्यासारखं काही नाही. हे मात्र कळवायलाच हवं होतं, म्हणून बसले लिहायला.

स्वारगेटच्या मागच्या त्या दोन खोल्या आठवतात? डेपोतून गाडी सुटली की भिंत थरथरायची आणि तुम्ही भिंतीला तळवा लावून पहिली गाडी गेली हे ओळखायचात. आईची रुग्णालयात आयाची नोकरी, सकाळची; तुमचं बुकबाइंडिंगच्या कारखान्यात काम, दुपारचं. म्हणजे सकाळभर मी तुमच्या मांडीवर. कागद कापायच्या यंत्रानं तुमच्या उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या जन्माआधीच अर्ध्यातून नेलं होतं. आपल्या घरी ‘अजून’ म्हणायची खूण अशी, की उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या तळहातावर दोनदा टेकवायचं. तुमचं बोटच अर्धं, त्यामुळे तुम्ही ते उरलेलं पेर टेकवायचात. आई सांगायची, मला मऊ भात भरवताना तुम्ही ती खूण स्वतःच्या तळहातावर करतच नव्हतात, माझ्या तळहातावर करायचात. एक घास द्यायचा, माझे डोळे तुमच्या डोळ्यांकडे वळेपर्यंत थांबायचं, माझा तळवा उघडायचा, त्यावर दोनदा पेर टेकवायचं आणि मगच दुसरा घास. एकही दात आलेला नव्हता तेव्हा मी तुमच्याकडे हातानं भात मागितला, आणि मागताना बोट मधूनच दुमडून मागितला. मला काय माहीत की बाकीच्या जगाची बोटं सरळ असतात.

आत्याला हे मुळीच पटलं नव्हतं. ती येऊन बसली की तुमच्याकडे न बघता आईला ऐकवायची, “पोरीपुढे हात कसले नाचवता? मुकी निघेल उद्या, मग बसा कपाळाला हात लावून!” तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला काहीतरी कळलंच असणार. तुम्ही आईला विचारलंत, आईनं सगळं जसंच्या तसं हातानं सांगितलं, आणि तुम्ही दिलेलं उत्तर आई पुढे जन्मभर हसून सांगत राहिली. “बोलेल तेव्हा बोलेल. तोवर काय उपाशी ठेवू?” आत्या चहा न घेता गेली. मी बोलायला लागले आणि मग थांबेचना, हे आत्यानंच पुढे सगळ्यांना सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. तिचं समाधान होणं तसं कठीणच होतं.

एक रविवार मला लख्ख आठवतो. मी आठेक वर्षांची आहे. तुमची ऐकू न येणारी सगळी मित्रमंडळी एका शाळेच्या सभागृहात जमली आहेत, तिथे नुसते हात उडतायत, पंखे फिरतायत आणि मधूनच कुणीतरी मोठ्यानं हसतंय. भज्यांची परात माझ्यासमोरून जाते. मी वाढणाऱ्या काकांना ‘अजून’ म्हणते, आपल्या घरी म्हणतो तसं, बोट दुमडून. ते थबकतात, हसतात, शेजारच्याला दाखवतात. तोही आपलं धडधाकट बोट दुमडून माझी नक्कल करतो. तुम्ही लांबून बघता. तुम्ही येता, माझं बोट धरता आणि असं ताठ करता की सांधा दुखतो. “तुझं बोट आख्खं आहे. माझं तुटलंय. तू का तोडतेस?” एवढं बोलून तुम्ही हात खिशात घातलेत, ते घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. बाकीची माणसं रागावली की तोंड बंद करतात, तुम्ही हात खिशात घालायचात. घरी आल्यावर मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून सरळ बोटानं ‘अजून’ म्हणायला शिकले आणि चारचौघांत तसंच म्हणत राहिले. तुम्ही ते पाहायचात आणि मान हलवायचात. तुमचं बरोबरच होतं, अण्णा. आपलं तुटलेलं आपल्या लेकराच्या हातात दिसावं असं कुणाला वाटेल?

आणि तुमच्या मुक्या निघणाऱ्या मुलीला नोकरी लागली ती टेलिफोन ऑपरेटरची! हडपसरच्या कंपनीत. आयुष्यात एवढा रोकडा जबाब मी कुणाला दिला नाही, पहिला फोन आत्यालाच केला. एकदा मी डबा घरी विसरले आणि तुम्ही तो घेऊन आलात. स्विचबोर्डच्या खोलीला काचेची भिंत होती. मी कानाला हेडफोन लावून एकाला थांबवतेय, दुसऱ्याला जोडतेय, तिसऱ्याशी इंग्रजीत बोलतेय, आणि सहज मान वळवते तर काचेपलीकडे तुम्ही, बगलेत डबा. किती वेळ उभे होतात कोण जाणे. मी हात उचलून ‘आलेच’ म्हणाले, तर तुम्ही मान हलवलीत, डबा खाली ठेवलात आणि तळहातावर ते पेर टेकवलंत. अजून. अजून बोल. मी बोलत राहिले. साहेब कधी मागे येऊन उभे राहिले मला कळलं नाही. ते म्हणाले, “कोण आहेत हो ते?” मी म्हटलं, “माझे वडील.” इतकं मोठ्यानं म्हटलं की फोनवरच्या माणसानंही “काय?” म्हणून विचारलं.

तुम्ही गेलात, मग आई गेली, आणि माझ्या हातांना बोलायला कुणी उरलं नाही. मुलाला काही शिकवलं नाही. ज्याच्याशी बोलायचं तोच नाही तर शिकवून करायचं काय, असं तेव्हा वाटलं. आता आम्ही खराडीत राहतो, अकराव्या मजल्यावर, इथे भिंतींना कुठलीच गाडी हलवत नाही. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवाले. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं तेव्हा सून एक दिवस फोन नाचवत आली. “आई, तुम्हाला खरं नाही वाटणार, पण बाळं बोलायच्या आधी साइन करू शकतात! मी ऑनलाइन क्लास जॉइन केलाय. दिवसा तो तुमच्याजवळ असतो, तुम्ही पण ट्राय कराल?” मी म्हटलं, “बघते बाई, या वयात जमलं तर.” मुलगा सोफ्यावर पडून हसायला लागला. “अगं, तू कुणाला शिकवतेयस? ती आधी हातानं बोलली, मग तोंडानं.” तुम्हाला ऐकू येत नव्हतं एवढं सुनेला माहीत होतं, त्यापुढचं आम्हीच कधी सांगितलं नव्हतं. ती माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. म्हणाली, “मग मला क्लास कशाला हवाय? पण राहू दे, त्या ताई छान शिकवतात. दोन्ही करू.” आत्यानं जे बंद करायला सांगितलं होतं, ते माझी सून शनिवारी सकाळी आंघोळ करून, वही घेऊन शिकत होती. अण्णा, मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

दूध, पाणी, दिवा, झालं, अजून. बाळ सगळं शिकलं. नऊ महिन्यांचं होतं तेव्हा खिडकीतल्या चंद्राला बघून हातानं ‘दिवा’ म्हणालं. पण वाढदिवस झाला, वर दोन महिने गेले, तरी तोंडातून शब्द नाही. मग विहीणबाई आल्या, अमरावतीकडच्या. बाई मनानं लाखात एक, पण जीव नातवात अडकलेला. दोन दिवस त्यांनी पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना बोलल्या, “हातानंच समदं भेटते तं पोट्टं तोंड काहून उघडन?” मला वाटलं, आत्याच परत आली, अमरावतीमार्गे. डॉक्टरांनी कान तपासून उत्तम आहेत म्हणून सांगितलं होतं, थोडी वाट बघा म्हणाले होते. पण मुलाच्या मनातली भीती मला दिसत होती. पणजोबांचं पुढे उतरलं की काय, असं तो विचारत नव्हता, पण माझ्याकडे बघतही नव्हता. रात्री म्हणाला, “आई, थोडे दिवस साइन बंद ठेवूया का? तो बोलायला लागला की परत सुरू करू.” तुम्हाला लहानपणी तापात ऐकू येईनासं झालं, ते रक्तातलं नव्हे, हे त्याला शंभरदा सांगितलंय. पुन्हा सांगितलं नाही. मूल त्यांचं, निर्णय त्यांचा. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. तुमचं जगात जे काही शिल्लक होतं ते या घरात पुन्हा उभं राहिलं होतं, आणि मला त्यावर पांघरूण घालायला सांगत होते.

सकाळी मी त्याला मऊ भात भरवायला बसले. विहीणबाई शेजारी मटार सोलत होत्या. मी एक घास दिला आणि हात मांडीखाली दाबून ठेवला, न जाणो आपोआप उठायचा. त्यानं ‘अजून’ म्हटलं. मी तोंडानं म्हटलं, “अजून हवं? म्हण बरं, अजून.” त्यानं पुन्हा हातानं म्हटलं. मी हात तसाच दाबून धरला. तो माझ्या तोंडाकडे बघेना, माझे हात शोधायला लागला. मग पुढे सरकून त्यानं मांडीखालून माझा उजवा हात ओढून काढला. त्याच्या इवल्या मुठीत माझं पहिलं बोट धरलं, ते मधोमध दुमडलं, आणि ते पेर स्वतःच्या तळहातावर टेकवलं. दोनदा. विहीणबाई शेंग हातात घेऊनच पुढे वाकल्या. “त्यानं तुमचं बोट काहून मोडलं वो?” त्यांनी विचारलं. तेव्हा मी त्यांना सांगितलं सगळं: यंत्र, तुमचं पेर, माझा भात, आत्या, भज्यांची परात. त्या ऐकत होत्या आणि मटारांबरोबर सालंही भांड्यात टाकत होत्या. सांगून झाल्यावर पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, “मंग करा ना तुमी. मी काई म्हनलं काय?” संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा विहीणबाईच नातवापुढे बसून बोट दुमडून ‘अजून’ म्हणत होत्या. मुलानं माझ्याकडे बघितलं, बूट काढले आणि त्यांच्या शेजारी बसला.

शब्द यायचा तेव्हा आला. विहीणबाई परत जायच्या आदल्या दिवशी, शिऱ्याच्या वाटीवर. “अजू,” असं म्हणाला, आणि म्हणताना हातही हलला, दोन्ही एकदमच. विहीणबाईंनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला. आता दिवसभर चुरूचुरू बोलतो. मागच्या शनिवारी क्लासच्या ताईंनी त्याला स्क्रीनवर पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, “किती छान करतोय! फक्त त्याचं बोट सरळ करून द्या हं, दुमडतोय तो.” मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुमची नातसून, तीन पिढ्यांची पुणेकर असल्यासारखी, शांतपणे म्हणाली, “नको. आमच्याकडे असंच करतात.” अण्णा, काचेपलीकडे उभं राहून तुम्हाला काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही, आणि तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही. तुम्हाला लिहिलेलं वाचायचा कंटाळाच होता. हातात पेन असलं की मला तुमच्याशी बोलताही येत नाही, तेव्हा आता ते खाली ठेवते. त्याआधी एकच. घरात सगळ्यांना मी सांगितलंय की बाळाला शिकवताना माझं बोट लहानपणच्या सवयीनं दुमडलं गेलं. तसं नव्हतं, अण्णा. आरशासमोर शिकलेलं मी अजून विसरलेले नाही, मला सरळ करता येतं. पहिल्या दिवशी त्याचा तळवा उघडला तेव्हा मी बोट मुद्दाम दुमडलं.