वरच्या घरचा डबा

बाई, तुम्ही चुकलात. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी आज लिहिते आहे, कारण तुमच्या हयातीत हे तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही.

पुण्यात तुम्ही मला जपानी शिकवलंत आणि तुमच्याच शिफारशीवर मी तिकडच्या डोंगरातल्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला गेले. राहायचं गाव म्हणजे अकरा घरं. खाली नदी, वर उंच झाडांचं काळोखं रान, मधल्या उतारावर भाताची खाचरं. पाणी आधी वरच्या खाचरात, मग एकेक बांध उतरत खाली. सगळ्यात वर एक आजी एकट्या राहायच्या, सगळ्यात खाली मी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुळ्याच्या लोणच्याचा डबा आणून दिला. डबा रिकामा परत करायचा नाही हे आईने शिकवलेलं, मी बेसनाचे लाडू भरून दिले. मिळालेल्याची परतफेड करायची ही तिकडची रीत. झालं, डबा जो वर-खाली सुरू झाला तो थांबेचना. गुडघाभर बर्फ पडलाय, आजी काठी टेकत उतरतात, चहा घेतात आणि नवऱ्याच्या तक्रारी सांगतात. नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झालेली.

मी हे कौतुकाने फोनवर सांगितलं, तर तुम्ही कडाडलात. "ऐंशीच्या बाईला बर्फातून चालायला लावतेस? तिला नाही म्हणता येत नाही, एवढंही कळत नाही तुला? बंद कर हे. माझ्या नावावर गेली आहेस तिथे."

नाही, बाई. त्यांना फेडायचं नव्हतं, यायचं होतं. त्या उतारावर खाली यायला काहीतरी कारण लागायचं, ते डब्याने दिलं. तुम्हाला जपानच्या रीती पाठ होत्या, आजी माहीत नव्हत्या.

आता मी लेटरकेनी या आयरिश गावाच्या बाहेर राहते, गाडीशिवाय दूधही मिळत नाही. परवा समोरचे एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ वाडगाभर रुबार्बचे आंबट देठ देऊन गेले. मी त्याच वाडग्यात शिरा भरून दिला. "यू आर ग्रँड, देअर वॉज नो नीड," म्हणाले, आणि रविवारी वाडगा घेऊन पुन्हा दारात. मुलगी वैतागली, "मम, धिस इज नेव्हर गोइंग टू स्टॉप." थांबूच नये ते. आता तुम्ही वरून कितीही ओरडा, मी ऐकणार नाही.

तेव्हा मात्र ऐकलं होतं. तुमचा फोन ठेवला, आजींचा डबा घासला आणि कपाटात ठेवून दिला. डबा माझ्याकडे, म्हणजे पाळी माझी, त्यामुळे त्यांना यायला कारणच उरलं नाही. बर्फ वितळल्यावरही त्या अंगणात बसून माझ्या दाराकडे बघताना दिसायच्या आणि मी आत वळायचे. तो डबा इथे माझ्या प्रेसमध्ये, म्हणजे इकडच्या बोलीत कपाटात, आहे, चहाच्या कपांमागे. त्यानंतर त्यात मी कधीच काही ठेवलेलं नाही.